तीन सारवलेली अंगणं

१

"तुम्ही लिहिलेल्या तीन घरांतली माणसं मला दाखवा," वैजयंती सामंत माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या. "मी तिन्ही दारांवर हात आपटले. तिन्ही घरांना कुलपं होती."

त्यांनी छत्री मिटलेली नव्हती. तिचं पाणी माझ्या कागदांवर टपटपत होतं, पण बाईंचा चेहरा बघून मला कागद सरकवायचंही सुचलं नाही.

मी आम्रपाली पवार. शहर सोडून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कायमचं राहायला येऊ म्हणणाऱ्यांना मी गाव पारखून देते. पूर्वी घरकर्ज देणाऱ्या कंपनीसाठी घरांच्या किमती काढत फिरायचे. तेव्हाच लक्षात आलं की घराची किंमत काढणं फार सोपं असतं. चिरा बघा, छप्पर बघा, रस्ता किती लांब ते बघा, झालं. तिथे जगता येईल का, हे मात्र कोणी काढून देत नाही. विहीर मे महिन्यात काय म्हणते, एसटी पावसात वरपर्यंत येते का, डॉक्टर खरंच बसतो की नुसती पाटीच आहे, आणि हाक मारली तर ओ देणारं कोणी आहे का, हे मी बघते. करोनानंतर मुंबई-पुण्याची माणसं कोकणात घरं शोधत सुटली आणि दलालांचं चांगलंच फावलं. मग माझंही काम वाढलं. लोक म्हणतात आम्रपालीबाईंचं तोंड फटकळ आहे, पण कागद खरा असतो. त्या कागदावरच माझं पोट आहे.

राजापूर तालुक्यातल्या पाटकोंडच्या वरच्या वाडीचा कागद माझाच होता. त्यात लिहिलं होतं, 'लगतची तिन्ही घरं बारमाही राहती, हाकेच्या अंतरावर धडधाकट माणसं.' खाली माझी सही.

तो वाचून सामंत नवरा-बायकोंनी डोंबिवलीचा फ्लॅट विकला आणि मे महिन्यात वाडीत राहायला आले. गेल्या आठवड्यात सकाळी दिगंबर सामंत मागच्या दारी विहिरीच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरले. कमरेचं हाड मोडलं, उठता येईना. वाडीत फोनला रेंज नाही, म्हणून वैजयंतीबाई पावसात तीन घरांकडे धावल्या. शेवटी वाडीच्या टोकाला राहणारी हौसा नावाची म्हातारी आली. दोघी म्हाताऱ्यांच्याने एक पुरुष उचलला जाईना. मग ती म्हातारी चालत खालच्या रस्त्यापर्यंत गेली आणि माणसं घेऊन आली, तोवर दुपार झाली होती. तेवढा वेळ ते पावसात पडून होते.

"ऑपरेशन झालं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "पण डॉक्टर म्हणतात आता चालणं कठीण. चार दिवसांत घरी सोडतील. घरी म्हणजे कुठे, ते मला ठरवायचंय. तिथे न्यायचं असेल तर माणसं आहेत की नाहीत ते कळलं पाहिजे. आणि नसतील, तर मला कोणी फसवलं तेही."

"मी खोटं लिहीत नाही हो," मी म्हटलं.

"मग तुमच्याकडून कोणी लिहून घेतलं?"

शेजारच्या टेबलावरून गुरुप्रसाद उठला, त्याने बाईंच्या हातातली छत्री घेऊन मिटली आणि त्यांना खुर्ची दिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, हे त्या राकेशचंच काम. दुसरं कोण असणार?"

२

गुरुप्रसाद म्हणजे माझा भागीदार. गेली नऊ वर्षं गाडी तो चालवतो, फोटो तो काढतो, ग्रामपंचायतीत गोड बोलून माहिती तो काढतो. माझ्या तोंडामुळे तुटलेली माणसं तोच जोडतो. मला सख्खा भाऊ नाही, आणि याच्यामुळे कधी तशी उणीवही भासली नाही. तो म्हणाला राकेश, म्हणजे मला राकेशच वाटला.

राकेश हा राजापूरचा घरांचा दलाल. सामंतांचा व्यवहार त्यानेच करून दिला होता. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात तो बसलेला सापडला. मी पायरी चढायच्या आधीच बोलायला लागला.

"या मॅडम. माझं नाव येणार हे मला ठाऊक होतं. दलाल म्हटला की चोर, हे आपलं ठरलेलंच आहे."

"त्या घरांतून माणसं राहतात, असं आम्हाला भासवण्यात तुझा हात आहे की नाही, एवढंच सांग."

"मॅडम, माझं जरा ऐका. ते सामंत माझ्याकडे आले तेव्हाच त्यांच्या हातात तुमचा कागद होता. त्याआधी मी पाटकोंडच्या वरच्या वाडीत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. कशाला टाकू? गाडी जेमतेम चढते. आतल्या वाडीतल्या घराला भाव येतो तरी किती, आणि माझी दलाली त्यात उरते किती? मी त्यांना हायवेजवळचं घर दाखवत होतो, दुप्पट किमतीचं. त्यांनी तुमचा कागद माझ्या नाकासमोर नाचवला. म्हणाले, आम्हाला शेजार असलेलं घर हवंय. माझं तर नुकसानच केलंत तुम्ही."

राकेश लबाड आहे, पण त्याची लबाडी नेहमी त्याच्या खिशाकडे जाते. इथे ती उलट्या दिशेने गेली असती. मला त्याचं म्हणणं पटलं, आणि पटल्याचा रागही आला.

गाडीत बसल्यावर मी फेब्रुवारीतली आमची फेरी आठवायला लागले. मी आणि गुरू दोघंच गेलो होतो. तिन्ही घरांची अंगणं ताजी सारवलेली होती, दोरीवर कपडे वाळत होते, पडवीत लाकडांची रास होती. दारं मात्र बंद होती. गुरू म्हणाला होता, "अरेच्चा, आज राजापूरचा बाजार, नाही का? सगळी बाजाराला गेली असतील. मी पुन्हा एकदा येऊन भेटतो सगळ्यांना." आणि तो नंतर एकटा जाऊन आला. माणसांची नावं, वयं, कोणाकडे रिक्षा आहे, सगळं लिहून आणलं. मी ते जसंच्या तसं अहवालात घातलं.

"गुरू, त्या दिवशी बाजार आहे हे आपल्याला आधी का नाही आठवलं रे?"

"राहून गेलं, ताई," तो म्हणाला आणि गिअर बदलला.

नऊ वर्षांत या माणसाचं काही राहून गेलेलं मला आठवत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी आम्ही पाटकोंडला गेलो. वरची वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली पाच घरं. पहिलं सामंतांचं. त्याच्या आजूबाजूला ती तीन. सगळ्यांत शेवटी हौसाचं. तीन घरांच्या अंगणात गुडघाभर रान माजलं होतं. दारांवरची कुलपं गंजलेली. दगडी गडग्यातल्या बेड्यांना, म्हणजे अंगणात शिरायच्या फाटकांना, काटक्या आडव्या लावून टाकल्या होत्या. पावसाने तोंडवळाच बदलतो घराचा, असं मी स्वतःला बजावलं, पण कुलूप काही पावसात उगवत नाही.

हौसा सत्तरीच्या पुढची असेल. पदर खोचून पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. आम्हाला बघून उठली.

"या गो बाय, बसा. सायेब कसं हायत आता?"

"हाड बसवलंय. चालतील की नाही, सांगता येत नाही."

तिने डोळे मिटले आणि हात जोडले. ते खोटं नव्हतं. जी बाई त्या वयात पावसातून डोंगर उतरून माणसं आणायला जाते, तिच्यावर संशय घ्यायला मला लाज वाटत होती.

"आजी, या तीन घरांत कोण राहतं?"

"ऱ्हात्यात की," ती म्हणाली. "मुंबैस गेल्यात. येत्याल."

"कधी?"

"गनपतीला येत्याल."

"गणपतीला सगळेच येतात हो. मी बारा महिन्यांचं विचारतेय."

हौसाने आठळी सोलायला घेतली. "मना काय म्हायती बाय. मी आपली माझ्या घरात." बोलताना तिने एकदाच वर बघितलं, आणि तेही माझ्याकडे नाही.

मग ती चहा करायला आत गेली. तीन कप घेऊन आली. मला दुधाचा. स्वतःला दुधाचा. गुरूच्या पुढ्यात तिने कोरा चहा ठेवला, गूळ घातलेला. गुरूला दूध सोसत नाही. हे मला ठाऊक आहे, त्याच्या बायकोला ठाऊक आहे. त्याने कप उचलला, फुंकर घातली आणि प्यायला लागला.

"आजी, चहा फक्कड झालाय," गुरू म्हणाला.

मी कप खाली ठेवला. या बाईला विचारावंच लागलं नव्हतं.

४

परतीच्या वाटेवर गुरूने दोनदा विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. डोकं खरंच दुखत होतं.

त्याला गाडी घेऊन घरी जायला सांगून मी एकटी ऑफिसात आले आणि राजाराम घडशींना फोन लावला. सामंतांना घर विकलं ते यांनी. नालासोपाऱ्याला राहतात, गिरणीतून केव्हाच निवृत्त झालेत.

"घडशी, तुमच्या वाडीत वर्षभर कोण कोण असतं?"

"हौसावैनी," ते म्हणाले. "झालं."

"आणि तुमच्या शेजारची तीन घरं?"

"ती आमच्या भावबंदांची. सगळी इकडेच, मुंबैस. मे महिन्यात आंब्याला जातात, मग गणपतीला, जमलं तर शिमग्याला. पावसात तिकडं कोण राहतंय?"

"फेब्रुवारीत कोणी गेलं होतं?"

"फेब्रुवारीत? पोरांच्या परीक्षा असतात, बाई. कोणी नाही."

म्हणजे सामंत मे महिन्यात आले तेव्हा वाडी भरलेली होती, पोरं खेळत होती, फणस फोडले जात होते. जूनमध्ये सगळी गेली. आणि हे दोघं बिचारे 'येत्याल' या शब्दावर बसून राहिले.

"तुम्ही घर का विकलंत मग?" मी विचारलं. "अडचण होती का काही?"

"छे हो. विकायचं डोक्यातसुद्धा नव्हतं. तुमच्याच ऑफिसातून फोन आला ना. म्हणाला, चांगली माणसं आहेत, घर उघडं राहील, दिवा लागेल. त्या दिव्याला मी भुललो बघा. बंद घर बघवत नाही आपल्याला."

"फोन कोणी केला होता?"

"नाव काही सांगितलं नाही. बाप्या माणूस होता. मला राजारामकाका म्हणाला. मलाच नवल वाटलं. आमच्या वाडीत वाढलेल्या पोराशिवाय मला कोण काका म्हणतंय?"

मी फोन ठेवला. माझ्या ऑफिसात बाप्या माणूस एकच आहे.

तरीही मन मानेना. मी फेब्रुवारीतले फोटो संगणकावर काढले. तीन घरं, तीन अंगणं, आणि चौथं हौसाचं. गुरूनेच काढलेले, नेहमीसारखे स्वच्छ, वरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मी ते पूर्वी कितीदा बघितले असतील. या वेळी मी घराकडे बघितलंच नाही. फक्त शेणाच्या सारवणाकडे बघितलं. आईबरोबर मी लहानपणी किती अंगणं सारवली असतील त्याला गणती नाही. आणि मग मला जे दिसलं त्याने माझं उरलंसुरलं मन मोडलं.

सकाळी मी गुरूला फोन करून सांगितलं, "गाडी काढ. वैजयंतीबाईंना घ्यायचंय. त्यांना घरातलं थोडं सामान आणायचंय."

"ताई, त्यांना कशाला त्या पावसात?"

"सामान त्यांचं आहे म्हणून."

५

हौसाच्या पडवीत आम्ही चौघं बसलो. बाहेर झड लागली होती. वैजयंतीबाई पायरीच्या कडेला बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी फोन काढला, पहिला फोटो मोठा केला आणि त्यांच्या हातात दिला.

"बाई, अंगण सारवताना बघितलंय कधी?"

"लहानपणी. आजोळी."

"मग आठवा. बाई उकिडवी बसते, शेणाचा हात अर्धा गोल फिरवते आणि मागे सरकते. पुन्हा अर्धा गोल, पुन्हा मागे. प्रत्येक नवा गोल आधीच्या गोलाची कड झाकतो. जो सगळ्यांत शेवटचा, तो पुरा दिसतो, कारण त्याच्यावर कोणी हात फिरवलेला नसतो. म्हणजे पुरे गोल जिथे दिसतील, तिथे बाईचं काम संपलं."

मी चौथा फोटो दाखवला. "हे हौसाआजींचं अंगण. पुरे गोल कुठे आहेत?"

"पायरीशी," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"बरोबर. घरची बाई बेड्यापासून सुरुवात करते आणि आपल्या पायरीकडे सरकत येते. काम संपलं की आत जायचं असतं, मागच्या दारी हात धुवायचे असतात. ओल्या सारवणावर पाय द्यायचा नसतो. आता ही तीन बघा."

त्यांनी एकामागून एक तिन्ही फोटो सरकवले. "बेड्याशी आहेत. रस्त्याकडे."

"तिन्हींत. सारवणाऱ्या बाईने दारापासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत रस्त्यावर निघून गेली. तिला आत जायचंच नव्हतं. आत जायला दार उघडंच नव्हतं. ती त्या घरची नव्हती. तीन घरांची तीन बायका असत्या तर तिघींनी असं केलं नसतं. हे एकाच बाईचं काम, आणि वाडीत बाई एकच आहे."

हौसाने हात पदराखाली घेतले.

गुरू घसा खाकरून म्हणाला, "ताई, बंद घरांची अंगणंसुद्धा शेजारणी सारवतात. मालक सांगतात म्हणून."

"दिवाळीला सांगतात. शिमग्याला सांगतात. फेब्रुवारीच्या मधल्याच एका दिवशी, आपण नेमके येणार त्याच्या आदल्या सकाळी कोण सांगतं? आपण कधी येणार हे राकेशला ठाऊक नव्हतं, राजाराम घडशींना ठाऊक नव्हतं. तो दिवस तू ठरवलास. कपडे दोरीवर कोणी घालायला लावले? पुन्हा एकटा येऊन तू ज्यांना भेटलास म्हणालास, ती माणसं त्या वेळी मुंबईत होती. घडशींना घर विकायला फोन तू केलास. राजारामकाका म्हणालास त्यांना. सवयीने तोंडातून गेलं असेल."

गुरूने मान खाली घातली, पण मी थांबले नाही. मला थांबायचंच नव्हतं.

"मी रात्रभर विचार केला, याला यात मिळालं काय? दलाली राकेशला गेली. किंमत घडशींना. तुला कवडी नाही. मग कळलं, रिकाम्या वाडीत माणसं राहायला आली तर ज्याचं भलं होतं, तो वाडीत उरलेला माणूस. आजी, मी तुम्हाला साधं विचारते. याला दूध सोसत नाही हे तुम्हाला कुठून कळलं? हा तुमचा कोण?"

हौसाने गुरूकडे बघितलं.

"भाचा," ती म्हणाली. "माज्या भावाचा ल्योक. ल्हान असताना सगळी सुट्टी हितंच व्हता."

"आणि अंगणं?"

"त्यानं सांगितलान सारव म्हनून. बोल्ला, मानसं येत्याल, तुला सोबत व्हईल. मी सारवली. मना वाटलं, त्यात काय वायट हाय?" ती वैजयंतीबाईंकडे वळली. "बाय, तुमी दारां बडवत व्हतात ती मना ऐकू येत व्हती. मना म्हायती व्हता, उगडनार कोन नाय."

वैजयंतीबाईंनी फोन माझ्या मांडीवर ठेवला.

६

मग गुरू बोलला. इतकी वर्षं ज्या गोड आवाजात त्याने माझी भांडणं मिटवली, त्याच आवाजात.

"ताई, आत्या इथून हलत नाही. माझ्याकडे आणली होती, महिना झाला नाही तोच परत आली. इथे पडली तर कोण बघणार? मला झोप लागायची नाही. म्हटलं, चांगली माणसं इथे आणावीत. घर चांगलंच आहे, विहिरीला पाणी आहे, किंमत रास्त होती. एवढी एकच गोष्ट खोटी लिहिली."

"एकच," मी म्हटलं. "अरे, तीच तर विकत घेतली त्यांनी. तुझ्या आत्याला शेजार हवा होता. शेजाऱ्यांना शेजार नको का रे? त्यांनी कोणाला हाक मारायची?"

"मला वाटलं, एक घर उघडलं की बाकीची पण हळूहळू उघडतील."

"तुला वाटलं. आणि सही माझी."

मला वाटलं होतं की मी ओरडेन. नऊ वर्षं ज्याचं जेवण माझ्या डब्यात असायचं, माझी आई गेली तेव्हा जो तीन दिवस घरी गेला नाही, त्याने माझ्या नावाचा असा वापर करावा. राग मला येतो, तो मला ओळखीचा आहे. पण हा राग नव्हता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. ज्याच्यावर डोळे मिटून सही केली, त्यानेच डोळे मिटल्याचा फायदा घेतला.

"उद्यापासून ऑफिसात यायचं नाही," मी म्हटलं. "ऑफिसची किल्ली इथे ठेव."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि पडवीच्या कडेला ठेवली. मग वैजयंतीबाई अगदी शांतपणे बोलल्या.

"गुरुप्रसाद, मी पोलिसांत जाणार नाही. त्याने हे चालायला लागणार नाहीत. मला फक्त एक सांगा. दोन दिवसांनी त्यांना सोडतील. घर तर आता आमचंच आहे. तुमच्या आत्या इथे आहेत, मी आहे. आम्हाला एक धडधाकट शेजारी हवा, तुम्ही कागदावर लिहिला होता तसा. ही तीन घरं तुमच्या ओळखीच्यांची आहेत, एक उघडून देतील. बायको-मुलांना घेऊन तुम्ही इथे राहायला याल? तुम्ही येत असाल तर मी यांना इथे आणते."

पावसाची सर जोरात आली. मी गुरूच्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगते, मला वाटलं तो हो म्हणेल. इतकं झाल्यावरही मला वाटलं.

"मला नाही जमणार, मॅडम," तो म्हणाला. "मुलांची शाळा आहे. बायको तर ऐकायचीच नाही. दवाखाना नाही, रेंज नाही. इथे कोण राहणार?"

वैजयंतीबाईंनी मान डोलावली. "झालं मग. चिपळूणला माझी नणंद आहे, तिच्याकडे नेते. घर विकेन. जसं आहे तसं सांगून विकेन."

"मी ऱ्हातंय ना रं," हौसाआत्या म्हणाली.

ती चिडून बोलली नव्हती. विचारल्याचं उत्तर द्यावं तसं बोलली. कोण राहणार असं त्याने विचारलं होतं आणि तिला उत्तर ठाऊक होतं. गुरूने तिच्याकडे बघितलं. मग तो उठला, छत्री न घेताच अंगण ओलांडून खाली गाडीकडे गेला.

हौसाआत्या तो गेला त्या वाटेकडे बघत राहिली. वैजयंतीबाई सरकल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या. त्यांनी म्हातारीचा हात हातात घेतला नाही की काही समजुतीचं बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या. मीही दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

थोड्या वेळाने खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. आम्हा तिघींपैकी कोणीही उठलं नाही.